झोपेचं पाणी

आमच्या गावात सकाळी हौदात हात घातला की रात्री गाव किती झोपलं ते कळतं.

यात जादू काही नाही. गावाच्या वरच्या अंगाने एक ओढा उतरतो. त्यातलं थोडं पाणी पाटाने वळवून एका जाड पाइपातून खाली सोडलं आहे. ते चाकावर आदळतं, चाक फिरतं आणि चाकाला जोडलेलं जनित्र वीज करतं. पाणी दिवसरात्र सारखंच येतं, त्यामुळे वीजही दिवसरात्र सारखीच तयार होते. घरांना लागेल तेवढी घरं घेतात. उरलेली वीज कुठेतरी खर्च व्हायलाच हवी, नाहीतर चाकावर ओझं राहत नाही आणि ते उधळतं. म्हणून चाकघराच्या मागे एक दगडी हौद बांधला आहे आणि त्यात तीन जाड रॉड बुडवून ठेवले आहेत. भिंतीवरची एक पेटी सतत वाटणी करत असते. गावातला एकेक दिवा मालवला की तेवढी वीज रॉडकडे वळते आणि हौदातलं पाणी तापू लागतं. सगळं गाव झोपलं की ते रात्रभर तापत राहतं, आणि सकाळी दगडाच्या कडेवरून वाफ निघत असते.

त्याला सगळे झोपेचं पाणी म्हणतात. लहानपणी आई मला तिथे तोंड धुवायला न्यायची तेव्हा म्हणायची, "डोळे मीट घट्ट. दुसऱ्याचं स्वप्न जाईल डोळ्यात." मी मिटायचे, पण थोडी फट ठेवूनच. त्या फटीतून समोरची वाफ, वाफेतली माणसं आणि त्यांच्यामागचा ओढा हे सगळं एकाच पातळ कापडावर काढल्यासारखं हलताना दिसायचं. कुणाचं स्वप्न कुठलं, ते काही कळायचं नाही.

हे सगळं गावाच्या मालकीचं आहे. ज्या घराने पाट खणायला माणूस दिला त्या घराचा त्यात वाटा. पाटाच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे, तिच्यात अडकलेली पानं काढायची पाळी अजूनही घरोघर फिरते. तशीच एक रीत हौदावरची आहे. पाणी कोमट लागलं तर रात्री जो जागला त्याने आपण होऊन सांगायचं. पोराला ताप होता, विजेची शेगडी चालू ठेवली. कपडे शिवून द्यायचे होते, मशीन चालवली. सांगितलं की संपलं. कुणी रागवत नाही. उलट त्या दिवशी जागलेल्याची भांडी दुसरं कुणीतरी घासून देतं.

किल्ली मात्र घरोघर फिरत नाही. चाकघराची किल्ली एकाकडेच राहते, आणि त्याबाबतचा नियम एका ओळीचा आहे: ज्याला चाक ऐकू येतं, त्याच्याकडे किल्ली. यंत्राला काही झालं तर सगळ्यात आधी आवाज बदलतो. आधीच्या चाकवाल्या आजोबांना ऐकू येईनासं झालं तेव्हा चाकाचा कारभार पाहणाऱ्या गावच्या मंडळाने त्यांच्याकडून किल्ली घेऊन माझ्या बाबांना दिली. कुणी वाईट बोललं नाही, निरोपाचं भाषणसुद्धा झालं. त्यानंतर ते आजोबा ओढ्याकडच्या उतारावर पुन्हा कधी दिसले नाहीत. वरच्या आळीत खिडकीत बसायचे, आणि खिडकीसुद्धा ओढ्याकडची नाही.

शहरातलं माझं पदार्थविज्ञानाचं शिक्षण संपवून मी घरी आले, तेव्हा हौदातलं पाणी कोमट होतं. दुसऱ्या दिवशीही कोमट होतं. आईने सांगितलं, बरेच दिवस असंच आहे.

"कोण जागतं?" मी विचारलं.

"कुणी सांगत नाही ना! हीच तर गंमत आहे," आई म्हणाली. "दुकानदार म्हणतो शिंपी. शिंपी म्हणतो दुकानदार. सुईणमावशी म्हणतात दोघंही घोरतात, त्यांनी स्वतः ऐकलंय."

हौदावर रोज सकाळी हाच विषय. पहिल्यांदा सगळे हसण्यावारी नेत होते. मग हळूहळू आवाज खाली आले. लोक पाण्यात बोटं बुडवायचे आणि एकमेकांच्या डोळ्यांखाली काळं दिसतंय का ते बघायचे. आणि मग एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. लोक आपणहून कबूल करू लागले.

शिंपीकाकांनी सुरुवात केली. बादली खाली ठेवत म्हणाले, "मी जागा असतो. बरेच महिने झाले. डोळे मिटले की बटणाची भोकं दिसतात. सगळी रिकामी."

"दिवा लावता?" मी विचारलं.

"छे, अंधारातच पडून असतो."

"मग पाणी तुमच्यामुळे गार होत नाही, काका. अंधारात जागलं तर वीज खर्च होत नाही."

"म्हणजे माझं जागणं फुकटच म्हणायचं," ते म्हणाले, आणि हौदावर कितीतरी दिवसांनी सगळे मोकळेपणी हसले.

दुसऱ्या दिवशी सुईणमावशींची वेळ. "कुणी बोलवायला येईल म्हणून मी जागी असते," त्या म्हणाल्या, "आणि कुणी आलं नाही की, का आलं नाही म्हणून जागी असते." मग दुकानदार. लोक त्याच्या नावाने बोटं मोडतात म्हणून त्याला झोप येत नव्हती. त्याने आणलेले बल्ब हल्ली पटापट उडत होते, आणि सगळं गाव म्हणत होतं की त्याने स्वस्तातला माल भरलाय.

असं एकेक करत निम्मं गाव बोललं. मी गणित करून बघत होते आणि गणित जुळत नव्हतं. हे सगळे अंधारात जागत होते. मग हौदाची ऊब जात कुठे होती?

मंडळाच्या अध्यक्षबाई मधमाश्या पाळतात आणि बोलतानाही हात अगदी सावकाश हलवतात. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तू शिकून आलीस, तर बघ की. कुठल्या घराची तार जास्त ओढतेय तेवढं शोध. नाव मला एकटीला सांग. मी गोडीगुलाबीने समजावेन."

त्याच संध्याकाळी मी माझं चिमट्यासारखं मीटर घेऊन चाकघरात गेले. तारेभोवती त्याचा जबडा मिटवला की तारेतून किती वीज वाहते ते दिसतं, तार कापावी लागत नाही.

चाकघर म्हणजे एक लांबट खोली. जमीन नेहमी थोडी ओली. भिंतीला जनित्राची थरथर असते, म्हणून खुंटीवरची किल्ली सतत बारीक नाचत असते. बाबा तेलाचा फडका घेऊन चाकाच्या आवरणावरून हात फिरवत होते, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. लहान असताना मी इथल्या पोत्यांवर झोपायचे. तो आवाज मला पाठ होता. जाड, गोल, खालच्या पट्टीतला, पाणी स्वतःशीच काहीतरी पुटपुटतंय असा.

गावातले दिवे मालवायला लागले. दारातून मला ते एकेक करून जाताना दिसत होते. आधी वरची आळी, मग मधली, आणि मग धुक्यात अर्धवट बुडालेल्या चार खिडक्या. प्रत्येक दिवा जाताना चाकाचा आवाज किंचित चढत होता. मला आधी वाटलं, भास आहे. आपण मोठे झालो की लहानपणचे आवाज वेगळे लागतात. पण तो चढतच गेला. पातळ झाला, टोकदार झाला, शेवटी कानात शिट्टी घुसल्यासारखा झाला. छतावरचा बल्ब नको इतका पांढरा जळायला लागला.

बाबा फडका घडी करत म्हणाले, "आज कसं मऊ चाललंय बघ."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्या ओठांकडे पाहत होते.

"बाबा, आवाज चढलाय," मी म्हटलं.

"अं?"

"चढलाय! शिट्टीसारखा."

मी हौदाकडे जाणाऱ्या तीन तारांना मीटर लावलं. एका तारेत वीज होती. दुसरीत शून्य. तिसरीत शून्य. म्हणजे दोन रॉड जळून गेले होते. घरांनी सोडलेल्या विजेला जायला जागा उरली नव्हती, म्हणून ओझं हलकं झालेलं चाक रात्रभर उधळत होतं. पाणी कोमट होतं ते त्यामुळेच. बल्ब उडत होते तेही त्यामुळेच. गावात कुणीच जास्त वीज घेत नव्हतं.

मी मीटरवरचा आकडा बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो बराच वेळ पाहिला.

"क्षार चढला असणार रॉडवर," ते म्हणाले. "चढला की तडतडतात. मी ऐकून घासायला काढतो ना त्यांना." मग थोडं थांबून, "काढायचो."

"तुम्हाला तडतड ऐकू आली नाही?"

"बारीक आवाज जायला लागलेत. आधी पाखरं गेली. मग तुझ्या आईच्या बांगड्या. चाक येतंय असं वाटत होतं, जाड आवाज येतो अजून. सकाळी बेअरिंग गरम लागायचं, तेव्हा मनात आलं होतं काहीतरी. ग्रीस वाढवलं. खोलात जायचं धाडस नाही झालं." त्यांनी खुंटीवरच्या किल्लीकडे पाहिलं. "रात्री पडून ऐकत असतो. इतकी वर्षं त्या आवाजावरच झोपलो. आता ऐकू येतंय की आठवतंय, तेच समजत नाही. मग झोप कशी लागणार?"

असं म्हणून त्यांनी पाइपाच्या झडपेची मोठी चकती दोन्ही हातांनी फिरवून पाणी कमी केलं. चाक सावकाश खालच्या पट्टीत आलं. कुठे थांबायचं ते मात्र बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून ठरवलं. "आता बरोबर?"

"बरोबर."

"आजची रात्र जाईल. उद्या अध्यक्षबाईंना सांगायला हवं."

"मी सांगू?"

"नको. जागणाऱ्याने स्वतः सांगायचं असतं."

घरी आल्यावर मी आईला विचारलं, इतका आवाज होतो, तुला कसा ऐकू आला नाही? आमचं घर ओढ्याच्या सगळ्यात जवळ आहे; मी स्वतः त्या शिट्टीला रातकिडे समजत होते. आई लाजल्यासारखी हसली. "लग्न झाल्यापासून कानात बोळे घालून झोपते मी. यांचं घोरणं काय साधंसुधं आहे?" मग तिचं हसणं थांबलं. "परवा बोळे घालायला विसरले. मलाही बाहेर रातकिडेच वाटले, पण यांचं घोरणं नव्हतं, झोप लागली गं. अगदी शांत. तेव्हाच मला कळायला हवं होतं."

सकाळी धुकं खाली उतरलं होतं. हौदाभोवतीची माणसं कमरेपासून वर तेवढीच दिसत होती, जणू पाण्यावर तरंगत होती. बाबा उतारावरून आले. त्यांच्या हातात किल्ली होती. ती त्यांनी हौदाच्या कडेवर, अध्यक्षबाईंच्या तांब्याशेजारी ठेवली.

"जागा कोण ते शोधताय ना? मी आहे," ते म्हणाले.

"तुम्ही?" दुकानदार म्हणाला. "तुम्ही जागून करता काय?"

"ऐकतो. येत नाही." पुढचं ते थोडं मोठ्याने बोलले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. "पण पाणी माझ्या जागण्याने गार झालेलं नाही. दोन रॉड जळलेत. चाक रोज रात्री उधळत होतं, ते मला ऐकू आलं नाही. तुमचे बल्ब चांगले होते. माझा कान गेला. किल्ली घ्या."

धुक्यातून फक्त ओढा ऐकू येत होता. बाबांना तोही येत होता की नाही, कोण जाणे.

मग दुकानदार म्हणाला, "बल्ब चांगले होते, हे पुन्हा एकदा सांगा. जरा मोठ्याने."

दोघंतिघं हसले, मग सगळेच. बाबांना काय झालं ते कळलं नाही, पण तेही अर्धवट हसले. त्यांचा हात अजून कडेवरच होता, किल्लीपासून वीतभर लांब. तो मागे घ्यायला त्यांना जमत नव्हतं. आधीच्या चाकवाल्यांची ती खिडकी माझ्या डोळ्यांसमोर आली.

अध्यक्षबाईंनी किल्ली उचलली नाही. "रॉड आहेत का सुटे?"

"फळीवर आहेत. दुपारपर्यंत बसवतो. ते शेवटचं काम समजा."

"बेअरिंग कोण बघणार? पाट? ती पेटी?" त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "तुम्ही, शिंपीकाका?"

"मला सुईत दोरा ओवता येत नाही हल्ली," शिंपीकाका म्हणाले.

"तेच म्हणते. यांना सगळं येतं, फक्त ऐकू येत नाही. आपल्याला ऐकू येतं, बाकी काही येत नाही." अध्यक्षबाईंनी सावकाश वर पाटाकडे बोट केलं. "जाळीची पाळी असते तशी कानाची पाळी लावा. रोज एका घराने संध्याकाळी खाली जायचं, ऐकायचं आणि यांना सांगायचं."

"उसन्या कानावर चाक चालवू?" बाबा म्हणाले. हे त्यांना बरोबर ऐकू आलं होतं. "असं होत नसतं. दुसऱ्याला काय ऐकू आलं ते मला कसं समजणार?"

"मी काय दर वेळी स्वतः बाळंत होते का हो?" सुईणमावशी कडाडल्या. "बाई सांगते इथे दुखतंय, असं दुखतंय. एकीचं सांगणं दुसरीसारखं नसतं. मी ऐकते आणि हात लावते. गावातली निम्मी पोरं अशीच आलीत. हा तुमच्यासमोर उभा आहे तो दुकानदारसुद्धा, पायाळू होता."

दुकानदाराने उगाचच तांब्या विसळायला घेतला. अध्यक्षबाईंनी किल्ली उचलून बाबांच्या खिशात टाकली, अगदी सावकाश, मधाच्या पोळ्याजवळ हात न्यावा तसं.

दुपारी बाबांनी आणि मी रॉड बसवले. जुन्यांवर क्षाराचा पांढरा थर इतका जाड होता की ते वाळलेल्या फांद्यांसारखे दिसत होते. नवे बुडवले आणि मी मीटर लावलं. तिन्ही तारांत वीज होती.

पाळी सुरू झाली. पहिल्या संध्याकाळी शिंपीकाका आले. पोत्यावर बसले, मान तिरकी केली. "नवं कापड एका ओढीत फाडावं तसं. सरळ. धागा कुठे सुटत नाही."

बाबांनी डोळे मिटून ते मनात घोळवलं. "धागा सुटत नाही म्हणजे चांगलंय."

दुकानदार म्हणाला, "साखरेचं पोतं ओतल्यासारखं."

"पोतं भरलेलं की अर्धं?"

"अर्धं. मध्येमध्ये थांबतं."

बाबा कंदील घेऊन उठले, पाट चढून गेले. जाळीवर पानांचा लगदा बसला होता, पाणी अडखळत येत होतं. परत आले ते कोपरापर्यंत भिजून, आणि इतके खूश की आईला दोनदा सांगितलं. सुईणमावशींनी सांगितलं, पोट भरल्यावर बाळ सुस्कारतं तसा आवाज आहे, तेव्हा बाबांनी काही न करता नुसतं आवरणाला हात लावून ठेवला. गावात आता चाकाबद्दलच बोलणं असायचं. माणसं स्वतःच्या पाळीच्या आधी घरात पडल्या पडल्या तालीम करायची: आज कशासारखं म्हणावं? त्यात त्यांना कधी झोप लागायची ते कळायचं नाही. निदान शिंपीकाका तरी तसं सांगतात.

हौदावर पुन्हा वाफ दिसू लागली. मी तापमान मोजलं. तीन रॉडना जितकं यायला हवं तितकंच आलं. थोडंसुद्धा जास्त नाही. लोक म्हणतात पाणी आधीपेक्षा जास्त ऊन आहे. मी वाद घालत नाही.

मग आमच्या घराची पाळी आली. आई म्हणाली, "तू जा. मी कानात बोळे घालणार आहे."

चाकघरात बाबा दाराशी स्टुलावर बसले होते. बाहेर दिवे मालवत होते. वरची आळी गेली, मधली गेली. धुकं ओढ्यावरून उठून दारात येऊन थांबलं होतं, आत यावं की नको असा विचार करत. मी लहानपणच्या पोत्यांवर बसले आणि ऐकलं.

"सांग," बाबा म्हणाले.

"विजेचे हेलकावे सेकंदाला पन्नासच्या किंचित वर आहेत."

"ते मला तुझं मीटर सांगतं. तू आवाज सांग."

मी डोळे मिटले. फट न ठेवता. तो आवाज सगळीकडून येत होता, जमिनीतून, पोत्यातून, माझ्या पाठीतून. जाड, गोल, खालच्या पट्टीतला. वर जायचा, क्षणभर थांबल्यासारखा वाटायचा आणि पुन्हा खाली उतरायचा. मी तो कुठे ऐकला होता ते आठवायला वेळ लागला, कारण तो चाकघरातला नव्हताच. घरातला होता. भिंतीपलीकडचा.

"तुम्ही घोरता तसा," मी म्हटलं.

"अं?"

मी डोळे उघडले आणि त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश म्हटलं, "तुम्ही घोरता ना, अगदी तसा. आईने बोळे घातले तरी ऐकू येईल असा."

ते हसले. खांदे हलले, स्टूल हललं. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "अडखळत?"

"नाही. एकसारखा."

"मग झोपायला हरकत नाही," बाबा म्हणाले. त्यांनी खिसा चाचपून किल्ली आहे ना ते पाहिलं आणि उठून चाकघरातला दिवा मालवला. तेवढी वीजही हौदाकडे गेली.